इडवालचा डावा हात

आमच्या ब्रिनएथिन गावात दुकानांच्या कपाळावर जी जी अक्षरं दिसतात ती सगळी इडवाल रोलंड्सच्या हातची. खाटीक, औषधवाला, लोकर विकणाऱ्या दोघी बहिणी, अगदी चॅपलच्या दारावरचा फलकसुद्धा. शिडीवर चढून, डाव्या हातातल्या काठीवर उजवं मनगट टेकून तो अक्षर काढायला लागला की खाली बस थांबते, असं लोक गमतीने म्हणायचे. बस तिथे तशीही थांबायची. थांबाच तिथे होता.

अक्षर काढताना तो श्वास घेत नाही, असं त्याची बायको एलुनेड सांगायची. मी पोस्टात होते, टपाल वाटत रोज तीच गल्ली तुडवायची. शिडीखालून जाताना हाक मारली तर अक्षर पुरं झाल्याशिवाय त्याच्याकडून उत्तर यायचं नाही. कधी कधी मी पार पुढच्या वळणावर पोचलेली असायची आणि मागून आवाज यायचा, "काय गं मेन्ना?"

दर मंगळवारी संध्याकाळी आम्ही काही जण चॅपलच्या मागच्या खोलीत जमायचो. तिथे आमची रेल्वे होती. आमच्या लहानपणी डोंगरातल्या खाणीतून खाली बंदरापर्यंत स्लेटचा दगड नेणारी छोट्या रुळांची गाडी होती. खाण बंद पडली, तशी गाडीही गेली. रूळ भंगारात निघाले, स्टेशनात मेंढ्या शिरल्या. तीच गाडी आम्ही लाकडी टेबलांवर नव्याने उभी करत होतो. मुठीत मावेल एवढं इंजिन आणि काडेपेटीएवढ्या मालाच्या वाघिणी.

डोंगर माझ्याकडे. तारेच्या जाळीवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवायची, वर प्लॅस्टर ओतायचं, ते वाळलं की रंग, आणि रंग ओला असतानाच रंगवलेला भुसा भुरभुरायचा. आमच्याकडचं गवत एका हिरव्या रंगाचं कधीच नसतं. पावसाळी दुपारी वेगळं, मेंढ्यांनी खाल्लेलं वेगळं, ओढ्याकाठचं वेगळं. ते सगळे हिरवे मी डब्यांत मिसळून ठेवायची. खाणीबाहेरचे दगडांचे ढीग मात्र खऱ्या स्लेटचे, टॉवेलात गुंडाळून हातोडीने फोडलेले.

वाघिणी मळवायचं काम गेथिनचं. गेथिन खाणीत इंजिनं दुरुस्त करायचा, नंतर शाळेची बस चालवली. दुकानातून आलेली छोटी वाघीण नव्या खेळण्यासारखी चकचकीत असते. तिच्यावर पावसाचे ओघळ, सांध्यांतला गंज, दगडाची करडी धूळ, चाकांजवळचा तेलकट काळपटपणा हे सगळं चढलं की मग ती आमची वाघीण वाटायला लागते. गेथिन पातळ काळपट रंग फासायचा आणि चिंधीने वरून खाली पुसून घ्यायचा. कुठे पोपडे निघालेले दाखवायचे असतील तर गंजाच्या रंगावर मीठ चिकटवून वरून दुसरा रंग द्यायचा आणि वाळल्यावर मीठ खरवडायचा. त्याच्या वाघिणी बघायला दुसऱ्या गावांतले लोक यायचे. त्याला ते आवडायचं, आणि आवडतं हे तो लपवायचाही नाही.

इडवाल त्या वाघिणींवर अक्षरं काढायचा. खाणीचं नाव, वाघिणीचा नंबर, सगळं मुंगीच्या पायाएवढं आणि तरी सुबक. स्टेशनची पाटी, दुकानांच्या छोट्या पाट्या त्याच्याच. गावातली खरी पाटीही इडवालची आणि टेबलावरच्या गावातली नखाएवढी पाटीही इडवालचीच, याचं आम्हाला फार कौतुक होतं.

त्याला मात्र मळवायचं होतं. दर थोड्या दिवसांनी तो एखादी वाघीण घरी न्यायचा आणि मंगळवारी परत आणून टेबलावर ठेवायचा. गेथिन ती उचलून चष्म्याशी धरायचा.

"काय इडवाल, ही पावसात होती की न्हाव्याकडे?"

"का? काय झालं?"

"गंजाचा भांग पाडलायस तू. बघ मेन्ना, ओघळ कसे शाळेतल्या पोरांसारखे रांगेत उभे आहेत. हजेरी घे त्यांची."

सगळे हसायचे, इडवालही हसायचा, पण कान लाल व्हायचे. डाग पडू द्यायचा म्हणजे काय करायचं, ते त्याच्या हाताला कळतच नव्हतं. आयुष्यभर एक थेंब ओघळू दिला नव्हता त्याने. थेंब दिसला की हात आपोआप तो टिपायला जायचा. "मी ठरवून घाण करायला बसतो," तो मला एकदा म्हणाला, "आणि उठतो तेव्हा सगळं आवरलेलं असतं."

एका वर्षी मे महिन्यात ग्वेनच्या बेकरीची पाटी रंगवायचं काम त्याच्याकडे आलं. बेकरी आईकडून ग्वेनकडे आली होती, तिला नवं नाव हवं होतं. इडवालने वरची ओळ पुरी केली होती आणि खाली मोठ्या अक्षरात 'पाव' लिहीत होता. ग्वेन त्याच्यासाठी चहा घेऊन बाहेर आली. तिने हाक मारली, उत्तर नाही. त्यात नवल नव्हतं, म्हणून ती कप घेऊन तशीच बघत उभी राहिली. शेवटच्या अक्षराचा पाय खाली येत होता. तो जिथे थांबायला हवा तिथे थांबला नाही. पाटीची किनार ओलांडून, चौकटीवरून, भिंतीवर आला.

"दुसरं कुणी असतं तर मी म्हटलं असतं, ब्रश निसटला," ग्वेन नंतर सगळ्यांना सांगायची. "पण इडवालचं अक्षर वाकडं गेलं म्हणजे इडवालला काहीतरी झालं. मी दुसरा विचारच केला नाही."

तिने कप सोडला, शिडीवर चढली आणि आपल्या अंगाने त्याला शिडीशी दाबून धरून नवऱ्याला ओरडून हाका मारायला लागली. नवरा आला, समोरून खाटीक आला, तिघांनी मिळून त्याला खाली घेतलं आणि पिठाच्या पोत्यावर बसवलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. तरी तो डाव्या हाताने वर पाटीकडे दाखवत होता. ते अक्षर त्याला पुसायचं होतं.

अर्धांगाचा झटका होता. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, अजून थोडा वेळ तो असाच उभा राहिला असता तर वरूनच खाली आला असता. इडवाल वाचला. बोलणं हळूहळू परत आलं, शब्द शोधत शोधत का होईना. पाय ओढत चालायला लागला. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. मांडीवर ठेवला की तिथेच पडून राहायचा.

घरी आल्यावर त्याने एलुनेडला रस्त्याकडच्या खिडकीचा पडदा लावायला सांगितलं. समोर औषधवाल्याची पाटी दिसायची, म्हणून. चॅपलला येईना, मंगळवारी येईना. भेटायला कुणी आलं की डोळे मिटून घ्यायचा. एलुनेड लीकची जाड पात घातलेलं मटणाचं सूप करून मांडीवर वाडगा ठेवायची, तर डाव्या हाताने चमचा धरताना सांडतं म्हणून तो अर्ध्यातच बाजूला सारायचा.

"माझ्याकडे बघतच नाही गं," ती मला दारात म्हणाली. "चिडला तरी चालेल मला. पण तो चिडतही नाही."

गेथिन मात्र येत राहिला. दर मंगळवारी, आमच्याकडे यायच्या आधी. कोटाच्या खिशात एक नवी कोरी वाघीण आणायचा, इडवालसमोर टेबलावर ठेवायचा आणि खुर्ची ओढून बसायचा. मग खाणीतल्या गोष्टी, बसमधल्या पोरांच्या, कुणाच्या मेंढ्या कुणाच्या बागेत शिरल्या, सगळं सांगून व्हायचं. इडवालने डोळे उघडले नाहीत तरी हा बोलायचा थांबायचा नाही. निघताना म्हणायचा, "ही ठेवून जातो. मळव."

एकदा इडवालने डोळे न उघडताच विचारलं, "कशाने? नाकाने?"

"ते तुझं तू बघ. नाक काही लहान नाही तुझं."

पुढच्या मंगळवारी आणखी एक वाघीण. खिडकीच्या कट्ट्यावर, बंद पडद्याच्या आड, कोऱ्या वाघिणींची रांग लागली. एलुनेड रोज त्यांच्यावरची धूळ पुसायची. मी गेथिनला म्हटलं, "अरे, त्याच्या जखमेवर मीठ कशाला चोळतोस? राहू दे ना."

तो नेहमीसारखा थट्टेत उत्तर देईल असं मला वाटलं होतं. पण तो म्हणाला, "मेन्ना, मी गेलो नाही तर त्याने रागवायचं तरी कुणावर?"

सप्टेंबरात एलुनेडला तिच्या बहिणीकडे जायचं होतं, म्हणून दुपारी मी इडवालजवळ बसायला गेले. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. तो बंद पडद्याकडे बघत होता. मग म्हणाला, "उद्या येईल तो."

"येईल."

"कट्ट्यावर जागा नाही आता."

"मग टेबलावर ठेवेल."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवली. "मला... दाखवायचंय त्याला. काय होतं ते. एकदा बघू दे त्याला. मग बंद करेल."

मला कळलं. कसली फजिती होते ती गेथिनला एकदाच दाखवायची आणि विषय संपवायचा. मी मागच्या खोलीतून त्याची रंगांची पेटी आणली, जुनं वर्तमानपत्र अंथरलं, वाघीण हलू नये म्हणून मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा लाटून त्यात चाकं रोवली. झाकणं मी उघडून दिली. ब्रश त्याने डाव्या हातात घेतला, अगदी लहान मूल घेतं तसा, मुठीत.

ब्रश रंगात बुडवतानाच अर्धा रंग कागदावर सांडला. वाघिणीवर टेकला तो नको तिथे, आणि एक जाड थेंब बाजूवरून घरंगळत खाली गेला. त्याने तो टिपायला चिंधी घेतली, तर चिंधी नीट धरता येईना, रंग आणखीच फासला गेला. दुसरा फटकारा चाकांवर. तिसरा आत. मग त्याला राग आला. इतक्या महिन्यांत त्याला आलेला तो पहिला राग, आणि तो सगळा त्या वाघिणीवर निघाला. गंजाच्या पुडीत बोटं घालून त्याने ती कशीही चोपडली, अंगठ्याने घासली, स्लेटच्या भुकटीची बाटली उपडी केली, पुन्हा चिंधीने रगडलं. मग खुर्चीत मागे टेकून धापा टाकत म्हणाला, "घे. दे त्याला."

वाघीण घेऊन मी खिडकीशी गेले. बघण्यासाठी पडदा सरकवावा लागला, आणि त्याने हरकत घेतली नाही.

मी लहान असताना माझे वडील बंदरावर दगड उतरवायचे. त्यांचा डबा घेऊन मी जायची तेव्हा धक्क्यावर वाघिणी उभ्या असायच्या. कडा ठेचलेल्या, कोपऱ्यांत पाणी साचून कुजलेल्या, एका बाजूला जास्त गंजलेल्या, कारण समुद्राचा वारा त्याच बाजूने यायचा. हातात होती ती त्यांतली एक होती. गेथिनच्या वाघिणी सुंदर होत्या, पण कुणीतरी मळवलेल्या आहेत हे बघणाऱ्याला कळायचं. ही मात्र आपली आपण म्हातारी झाली होती.

"इडवाल," मी म्हटलं, "चष्मा लाव."

"कशाला?"

"लाव म्हणते ना."

मी वाघीण त्याच्या डाव्या तळहातावर ठेवली. त्याने ती फिरवून बघितली, एका बाजूने, दुसऱ्या बाजूने. जो थेंब घरंगळला होता तिथे त्याची नजर अडकली. तो ओघळ खिळ्यापाशी थांबला होता, थोडा पसरला होता, मग वाट बदलून तिरका खाली उतरला होता.

"हे मी केलं?"

"नाही. नाकाने केलं."

तो हसला. अर्ध्याच तोंडाने, पण हसला. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायलाही डावाच हात, त्यामुळे गंज गालाला लागला. संध्याकाळी एलुनेड घरी आली. नवऱ्याच्या तोंडाला लागलेला रंग, टेबलभर सांडलेली भुकटी आणि उघडा पडदा बघून ती दारातच उभी राहिली. म्हणाली, "हा काय उकिरडा मांडलाय?" आणि कोट न काढताच खुर्चीत बसून रडली.

मंगळवारी गेथिन आला. इडवालने वाघीण पुढे केली. मी मुद्दाम तिथे होते. गेथिनने ती घेतली, उजेडात नेली, आणि आम्ही कुणी कधी पाहिला नव्हता असा प्रकार घडला. गेथिन बोललाच नाही. वाघीण खिशात घातली, एलुनेडला मान लवून नमस्कार केला आणि निघून गेला.

"चिडला," इडवाल म्हणाला.

चॅपलच्या मागच्या खोलीत गेथिनने ती वाघीण आपल्या मळवलेल्या वाघिणींच्या मध्ये जोडली आणि कुणाला काही न सांगता गाडी सोडली. गाडी खाणीतून निघाली, माझ्या डोंगराला वळसा घालून पुलावर आली. एकेकाने काम थांबवलं. "ती मधली कुणाची रे?" कुणीतरी विचारलं. गेथिन गाडीकडेच बघत म्हणाला, "इडवालची." मग बराच वेळ गाडी नुसती फिरत राहिली.

पुढच्या मंगळवारी तो इडवालकडे गेला तेव्हा हातात लाकडी खोकं होतं. त्यात त्याचं सगळं सामान होतं. गंजाच्या पुड्या, तेलकट काळा, दगडी करडा, त्याचे झिजलेले ब्रश, आणि आईच्या घराच्या धुराड्यातून खरवडून आणलेल्या काजळीची बाटली. ती बाटली तो कुणाला हात लावू द्यायचा नाही.

"हे काय?" इडवालने विचारलं.

"वाघिणी आता तुझ्याकडे. सगळ्या."

इडवालचा चेहरा ताठ झाला. शब्द शोधायला त्याला वेळ लागला. "मला... दया नको, गेथिन."

"दया?" गेथिन खुर्चीत बसला. "अरे लेका, इतकी वर्षं मी तुझ्या गंजाला हसलो. आता तुझी वाघीण माझ्या शेजारी उभी राहिली की लोक मलाच हसतील. दया मी माझ्यावर करतोय. घे गुपचूप."

"मग तू काय करणार?"

"मेन्नाचे डोंगर आहेत ना. ती म्हातारी झालीय, तिला मदत लागते."

"मला विचारलंस?" मी म्हटलं.

"विचारतोय ना आता."

मळवायच्या कामात गेथिनचं मन रमत होतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. गावाबाहेर त्याचं जे काही नाव होतं ते त्या वाघिणींमुळेच. ते त्याने खोक्यात भरून आणून दिलं आणि चहा मागितला.

डोंगरावर मात्र त्याने माझा जीव खाल्ला. पहिल्याच दिवशी सगळ्या उतारावर एकच हिरवा थापला. मी तो खरवडायला लावला. मेंढ्या केल्या त्या घराएवढ्या झाल्या. "खाऊन खाऊन माजल्यात," असं म्हणून वेळ मारून नेत होता. दगडी कुंपणं मात्र त्याला जमली. स्लेटच्या कपच्या एकावर एक बसवत तो तासन्‌तास वाकून असायचा आणि काम करताना गुणगुणायचा. मी एकटीने काम करायची तेव्हा त्या खोलीत इतकी करमणूक कधी नव्हती.

ऑक्टोबरात इडवाल स्वतः निघाला. एका हातात काठी, दुसऱ्या बाजूला एलुनेड. आजारपणानंतर प्रथमच तो त्या रस्त्याने चालत होता. प्रत्येक दुकानापाशी थांबायचा, पाटी बघायचा, पुढे जायचा. ग्वेनच्या बेकरीसमोर तो थांबला तो हलेना. पाटी तशीच होती. शेवटच्या अक्षराचा पाय चौकटीवरून भिंतीवर गेलेला.

ग्वेन हात पुसत बाहेर आली.

"अजून पुसलं नाही?" त्याने विचारलं.

"नाही."

"वाईट दिसतं गं. दुसऱ्या रंगाऱ्याला सांग."

"माझं दुकान, माझी पाटी," ग्वेन म्हणाली. "ते अक्षर सरळ आलं असतं तर मी कप शिडीखाली ठेवून आत गेले असते. कुणाला हात लावू देणार नाही मी त्याला. आत ये, चहा घे. त्या दिवशीचा राहिलाय."

तो आत गेला. चहात भिजवलेल्या मनुकांचा पाव तिने लोणी लावून त्याच्यापुढे ठेवला, आणि त्याने डाव्या हाताने खाल्ला. थोडा सांडला, पण बशी बाजूला सारली नाही.

तेव्हापासून तो मंगळवारी यायला लागला. मातीच्या गोळ्यात वाघीण रोवून द्यायची, झाकणं उघडायची, एवढंच आम्ही करायचो. सगळ्याच वाघिणी पहिलीसारख्या झाल्या नाहीत. काही इतक्या बिघडल्या की साबणाच्या पाण्यात टाकून पुन्हा कोऱ्या कराव्या लागल्या. हळूहळू हात थोडा स्थिर व्हायला लागला तर त्यालाच काळजी वाटायला लागली, की आता पुन्हा भांग पडतो की काय. पण डाव्या हाताला टापटीप कधी शिकवलीच नव्हती कुणी. नव्या वाघिणींवरची अक्षरं आम्ही छापील आणून चिकटवायला लागलो. ती चिकटवताना इडवाल दुसरीकडे बघायचा. एकदा मात्र बघता बघता म्हणाला, "तो आकडा... केसभर खाली घे." त्यानंतर छापील अक्षरं त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय लागत नाहीत.

पुढच्या ईस्टरला गावच्या सभागृहात प्रदर्शन भरलं. शेजारच्या इंग्लंडमधूनही लोक आले. एक गृहस्थ वाघिणींसमोर वाकून किती वेळ उभे होते. शेवटी त्यांनी इडवालला विचारलं, "हे तुम्ही नेमकं कसं करता?"

"डाव्या हाताने," इडवाल म्हणाला.

त्यांनी गंभीरपणे मान हलवली. पुढच्या वर्षी ते परत आले आणि तक्रार केली, की डाव्या हाताने करून बघितलं, नुसती घाण झाली.

"घाई केलीत," इडवाल म्हणाला. "आधी अर्धांग व्हावं लागतं."

ते गृहस्थ कावरेबावरे झाले. इडवाल हसतोय हे कळल्यावर मग तेही हसले. गेथिन मागे उभा राहून त्यांना सांगत होता, "डोंगरांबद्दल पण विचारा की. कुंपणं माझी आहेत."

पहिलं प्रदर्शन झालं त्या वर्षीच्या ऑक्टोबरातली गोष्ट सांगायची राहिली. आमच्या चॅपलमध्ये पीक घरात आल्यावर आभाराची सभा असते. ज्याला वाटेल त्याने उभं राहायचं आणि देवाचे आभार मानायचे. बोलणारे ठरलेले, दर वर्षी तेच. इडवाल जन्मभर मागच्या बाकावर बसला, तोंडातून शब्द काढला नव्हता त्याने. त्या दिवशी बाकाचा कठडा धरून तो उठला. आधी एलुनेडला वाटलं बाहेर जायचंय, म्हणून ती सरकली.

"मला वेळ लागेल," तो म्हणाला. "शब्द... अडतात."

पुढच्या बाकांवरचे सगळे मागे वळले.

"मला एक हात होता. त्याचे आभार मानायचे राहिले. चांगला होता. पुष्कळ अक्षरं काढली त्याने. तो होता तेव्हा मला वाटायचं, हे मीच आहे." तो थांबला. पुढचा शब्द सापडेना. आम्ही सगळे वाट बघत होतो आणि घाई कुणालाच नव्हती. "मग तो गेला. आणि दुसरा निघाला. तो इतकी वर्षं नुसती काठी धरून होता. मला माहीतच नव्हतं त्याला काही येतं. ग्वेनचे आभार, चहा आणल्याबद्दल. एलुनेडचे... तिचे घरी मानेन. मेन्नाचे, तिने झाकणं उघडली. आणि गेथिन." पुन्हा थांबला, बराच वेळ. "गेथिन येत राहिला. मी डोळे मिटून होतो, तरी... मला सगळं ऐकू येत होतं. त्या मेंढ्यांचंसुद्धा."

तो बसला. पुढच्या ओळीत गेथिन खाली मान घालून बुटांकडे बघत होता आणि त्याची मान लालबुंद झाली होती. मग कुणीतरी पेटीवाल्याला खूण केली आणि आम्ही गायला उभे राहिलो. गेथिनचा आवाज एरवी सगळ्यांच्या वर असतो. त्या दिवशी पहिलं कडवं तो गायलाच नाही. दुसऱ्या कडव्यापासून लागला.

आता आम्ही बंदराचा भाग करतोय. धक्का झालाय, समुद्र गेथिनने केलाय, आणि खरं सांगायचं तर बरा केलाय, फक्त लाटा जरा जास्त आहेत. इडवालने सांगितलंय, धक्क्यावरच्या वाघिणी एकाच बाजूने गंजलेल्या हव्यात. कुठल्या बाजूने ते त्याने मला विचारलं. मी सांगितलं, वडिलांच्या डब्याच्या आठवणीने. तो मान डोलावून कामाला लागला. आम्ही तिघंही आता सत्तरीच्या पुढे आहोत आणि दीपस्तंभ अजून बांधायचाय.